ऑपरेशन कोल्हापुरात, घर चंदगडात: मुतखड्यानंतरची देखभाल फोनवर किती निभावते?

पत्र: आमच्या मालकांचं (वय ४१) जूनअखेर कोल्हापुरात मुतखड्याचं ऑपरेशन झालं. डाव्या मूत्रवाहिनीत ९ मिलिमीटरचा खडा होता. तो दुर्बिणीतून लेझरनं फोडला आणि आत स्टेंट ठेवलाय. आज १७ वा दिवस. डॉक्टरांनी तीन आठवड्यांनी स्टेंट काढायला बोलावलंय. मधे फोन करा, व्हॉट्सअपवर रिपोर्ट पाठवा, असं म्हणाले. उजव्या किडनीत खालच्या बाजूला ६ मिलिमीटरचा आणखी एक खडा आहे, त्याला हात लावलेला नाही. दुखणं थांबलंय, पण लघवीला सारखं जावं लागतं आणि पोती उचलली की लघवी लालसर होते. ते काजूच्या कारखान्यात बॉयलरवर आहेत. घरी रोपलावण सुरू आहे. कोल्हापूरची फेरी म्हणजे गाडीभाडं आणि दोघांचा खाडा. ते म्हणतात, दुखत नाही तर ऑगस्टअखेर जाऊ. फोनवर नेमकं काय सांगायचं तेही कळत नाही. सासूबाईंनी हुलग्याचं कढण सुरू केलंय, दूध आणि टोमॅटो बंद केलेत. कारखान्यातला एक जण बिअर प्यायला सांगतो. काय करावं?
– चंदगड तालुक्यातील एक वाचक

उत्तर:

ताई, आधी स्टेंटचं बोलू. तुमच्या पत्रातलं बाकी बहुतेक सगळं फोनवर निभावेल, ही एक गोष्ट निभावणार नाही. आणि नेमकी तीच तुमचे मालक पुढे ढकलायला निघालेत.

डीजे स्टेंट म्हणजे साधारण २४ ते २६ सेंटिमीटर लांबीची मऊ, पोकळ नळी. तिचं एक वेटोळं किडनीत आणि दुसरं मूत्राशयात असतं. खडा फोडल्यावर मूत्रवाहिनी आतून सुजते. ती सूज उतरेपर्यंत लघवीला वाट राहावी आणि चुरा अडकून कळ येऊ नये म्हणून नळी ठेवतात. आज मालकांना दुखत नाही त्यात या नळीचा मोठा वाटा आहे, त्यामुळे ‘दुखत नाही’ हे ती ठेवून द्यायचं कारण होऊ शकत नाही. सूज उतरायला साधारण दोन-तीन आठवडे पुरतात. पुढे नळीचा उपयोग संपतो आणि लघवीतले क्षार तिच्यावर बसत जातात. ज्याच्या अंगात खडा व्हायची प्रवृत्ती आहे त्याच्या नळीवर ते इतरांपेक्षा लवकर बसतात. सहा आठवड्यांच्या आत हा थर बहुधा किरकोळ असतो. तीन महिने उलटले की पुष्कळ जणांच्या नळीवर तो टणक होतो. मग नळी नुसती ओढून निघत नाही, आधी तिच्यावरचा खडा फोडावा लागतो. कधी एकाच्या जागी दोन ऑपरेशनं लागतात. नळी आत आहे हेच विसरलेल्या काही रुग्णांची त्या बाजूची किडनी निकामी झालेली असते.

ऑगस्टअखेर गेलात तर नळी नऊ आठवडे आत राहील. शिवाय आपल्याकडे ऑगस्टअखेर म्हटलं की गौरी-गणपती येतात, मग ‘सण होऊ दे’ आणि मग सुगी. नळी विसरली जाते ती अशीच. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला चार-सहा दिवस इकडेतिकडे करायचे असतील तर फोन करून त्यांनाच विचारा आणि नवी तारीख फोनवरच पक्की करून घ्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ‘डावी नळी काढणे’ असं लिहून त्याला गोल करा.

आता रोपलावणीचा हिशेब उलटा करून बघा. नळी पोटात ठेवून चिखलात दिवसभर वाकायचं म्हणजे कुशीत दुखणार, लघवी लाल होणार आणि दर अर्ध्या तासाला बांधावर यावं लागणार. नळी काढणं हे पाच-दहा मिनिटांचं काम आहे. लघवीच्या वाटेत सुन्न करणारी जेली सोडून बारीक दुर्बीण घालतात, नळीचं टोक चिमट्यात धरून बाहेर घेतात. बहुतेकांना पूर्ण भूल लागत नाही, त्याच दिवशी घरी येता येतं. नंतर एक-दोन दिवस जळजळ राहते, काहींना पहिल्या रात्री थोडी कळ येते. म्हणजे मालक तिसऱ्या-चौथ्या दिवशी धडपणे शेतात उतरू शकतील. आधी नळी, मग लावण.

एक फेरी वाचवायचीच असेल तर डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. पहिली, गडहिंग्लजला किंवा तुम्हाला जवळच्या बेळगावला एखादे युरॉलॉजिस्ट (मूत्रविकारतज्ज्ञ) ही नळी काढून देऊ शकतील का? डिस्चार्ज कार्डावर नळीची बाजू आणि ठेवल्याची तारीख असतेच, ते कार्ड दाखवलं की दुसऱ्या डॉक्टरांनाही काम करता येतं. काढल्यावर मात्र ‘काढली’ असं त्याच कार्डावर लिहून घ्या आणि कोल्हापूरला फोटो पाठवा, नाहीतर त्यांच्या नोंदीत ती तशीच राहील. दुसरी गोष्ट, आधीच्या तपासण्या चंदगडातच करून नेल्या तर चालेल का? बहुधा लघवीची कल्चर तपासणी सांगतील. तिचा निकाल यायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून आजच विचारा. लघवीत जंतू असताना नळी ओढली तर ते रक्तात जाऊन थंडीताप येऊ शकतो, त्यासाठी ही खबरदारी. कल्चरचा नमुना घरून नेऊ नका, लॅबमध्येच द्या. पहिली धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत धरायची. घरून नेलेला नमुना तासन्‌तास पिशवीत राहतो, त्यात बाहेरचे जंतू वाढतात आणि नसलेल्या आजाराची अँटिबायोटिक्स सुरू होतात. ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झालं असेल, तर नळी काढणं त्यातच धरलंय का हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला फोनवर विचारून घ्या.

वारंवार लघवी, घाई, शेवटी जळजळ, आणि लघवी करताना कमरेत चमक येऊन नंतर थांबणं, हे सगळं नळीचं आहे. मूत्राशय आवळलं की लघवी नळीतून थोडी वर किडनीकडे ढकलली जाते, म्हणून चमक येते. श्रमानं लघवी गुलाबी होणं हेही नळीच्या घासण्यानं होतं. पोती उचलणं नळी निघेपर्यंत बंद ठेवा, बॉयलरवर उभं राहायला हरकत नाही. त्रास फार असेल तर नळीची चुरचुर कमी करणाऱ्या गोळ्या असतात, त्या डॉक्टर फोनवर लिहून देऊ शकतात. नळी असताना साध्या लघवी तपासणीत तांबड्या पेशी आणि पू-पेशी दिसतातच. तेवढ्या आकड्यावरून मेडिकलमधून अँटिबायोटिक घेऊ नका.

आता फोन बाजूला ठेवून निघायची वेळ कधी. खडा किंवा नळी असलेल्या माणसाला १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर ताप, त्यात हुडहुडी, म्हणजे लघवी तुंबून तिच्यात जंतू वाढलेत असं धरून चालायचं. यात तासांचा हिशेब असतो. रक्तदाब घसरायला एक रात्र पुरते. अशा वेळी व्हॉट्सअपवर फोटो टाकून निळ्या खुणेची वाट बघत बसू नका. कोल्हापूरच गाठायचं असंही नाही. चंदगडचं ग्रामीण रुग्णालय, गडहिंग्लजचं उपजिल्हा रुग्णालय किंवा बेळगाव, जे लवकर गाठता येईल तिथे जा, १०८ ला फोन करा, आणि वाटेत कोल्हापूरच्या डॉक्टरांना कळवा. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य ‘आत डीजे स्टेंट आहे’ हे असू दे. आठ-दहा तास लघवीच न होणं, सतत उलट्या होऊन पाणीही न टिकणं, गोळी घेऊनही कळ न थांबणं, लघवीत रक्ताच्या गाठी पडणं, यांनाही हाच नियम लागू.

तापाबद्दल दोन गोष्टी अजून. तापाची गोळी घेण्याआधी ताप मोजा आणि आकडा लिहा. पॅरासिटामॉल घेतल्यावर मोजलेले ९९ डॉक्टरांना काहीच सांगत नाहीत, उलट फसवतात. आणि दिवस लावणीचे आहेत. चिखलात काम करणाऱ्याला या दिवसांत लेप्टोचाही (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातल्या जंतूंचा) ताप येतो, आणि तोही किडनीवर जातो. हा ताप नळीचा की लेप्टोचा हे फोनवरून कुणालाच ओळखता येत नाही, रक्त तपासावंच लागतं. शेतात गेला होता हे डॉक्टरांना आठवणीनं सांगा. कळ आली म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं आपल्या मनानं घेऊ नका. पाणी कमी पडलेल्या किंवा आधीच ताण असलेल्या किडनीला ती घातक ठरतात. डिस्चार्ज कार्डावर लिहिलेली असतील तर तेवढीच घ्या, आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा) किती होतं ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

फोनवर डॉक्टरांचा सल्ला घेणं हे काही उपकाराखातर चाललेलं काम नाही. केंद्र सरकारची टेलिमेडिसिनची नियमावली २५ मार्च २०२० ला आली. त्याच डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासलेलं असेल, आजार तोच असेल आणि सहा महिन्यांच्या आतली गोष्ट असेल, तर तो पाठपुरावा धरला जातो आणि फोनवरून औषधं लिहून देता येतात. त्या चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा, तो नसेल तर मेडिकलवाला अडवू शकतो. डॉक्टर यासाठी फी घेऊ शकतात, ती आधी विचारा. गुंगी आणणारी, कायद्यानं बंधन असलेली वेदनाशामकं मात्र फोनवर लिहिता येत नाहीत, त्यासाठी ओळखीचा आग्रह धरू नका. आणि ‘हे फोनवर नाही, या’ असं डॉक्टर म्हणाले तर वाद न घालता निघावं. पलीकडून पोट दाबून बघता येत नाही हे ते जाणतात.

फोन करायच्या आधी एका कागदावर लिहून काढा आणि तेच आधी पाठवा. लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवू नका, ओपीडीच्या गर्दीत तो कुणी ऐकत नाही. मजकूर साधारण असा:

‘चंदगडहून. पुरुष, ४१ वर्षं, वजन ६८ किलो. डाव्या बाजूचं ऑपरेशन अमुक तारखेला, डावीकडे डीजे स्टेंट. आज १७ वा दिवस. ताप: काल रात्री ९८.४, आज सकाळी ९८.२, तापाची गोळी घेतलेली नाही. दुखणं १० पैकी २, लघवी करताना कमरेत, नंतर थांबतं. पोती उचलल्यावर लघवी गुलाबी, गाठी नाहीत. काल दिवसभराची लघवी १ लिटर ६०० मिली. चालू औषधं: नाव आणि मिलिग्रॅम. अमुक औषधाची ॲलर्जी. प्रश्न: २१ व्या दिवशी यायचं का, आणि येण्याआधी कोणत्या तपासण्या करून आणू?’

वजन, औषधं वगैरे तुमची भरा. प्रश्न एक किंवा दोनच, आणि शेवटी. रिपोर्टचा फोटो पांढऱ्या उजेडात, कागद सपाट ठेवून, चारही कोपरे दिसतील असा, एका पानाचा एक. लॅबनं पीडीएफ दिली असेल तर तीच पाठवा. सोनोग्राफीच्या काळ्या-पांढऱ्या चित्रांचे फोटो पाठवून फारसा उपयोग नाही, डॉक्टरांना सोबतच्या कागदावरचा मजकूर हवा असतो: खडा किती मिलिमीटर, कुठे, आणि किडनीला सूज आहे का. एक्स-रेची फिल्म मात्र खिडकीच्या काचेवर धरून काढलेल्या फोटोत बरीच कळते. सीटी स्कॅन असेल तर सेंटरकडून लिंक किंवा सीडी मागून घ्या. गावात रेंज नसेल तर जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात जा. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी सरकारच्या ई-संजीवनी सेवेतून डॉक्टरांशी मोफत बोलणं करून देतात. ते तुमचे सर्जन नसतील, पण रिपोर्ट समजावून घ्यायला, रक्तदाब-ताप मोजून घ्यायला आणि पुढची तपासणी लिहून घ्यायला ही सोय चांगली आहे.

नळी निघाली की पुष्कळ जण सुटलो म्हणतात आणि डॉक्टरांचा नंबर हरवतो. इथेच दुसरी चूक होते. नळी काढल्यावर साधारण चार ते सहा आठवड्यांनी एक सोनोग्राफी करायचीच, कितीही बरं वाटत असलं तरी. खडा जिथे अडकून होता तिथे मूत्रवाहिनी आतून आक्रसू शकते, किंवा एखादा तुकडा मागे राहतो. वाट हळूहळू बंद होत गेली तर कळ येत नाही. अडथळा अचानक आला की जोराची कळ येते. संथ अडथळ्यात किडनी काही न बोलता फुगत जाते आणि तिची काम करायची ताकद संपू शकते. ही तपासणी चंदगड-गडहिंग्लजला होण्यासारखी आहे आणि तिचा निकाल फोनवर दाखवता येतो. भाड्याची बचत खरी इथे होते.

सोनोग्राफीला मूत्राशय भरलेलं ठेवा. तासभर आधी अर्धा ते पाऊण लिटर पाणी पिऊन लघवी रोखून धरायची, नाहीतर मूत्रवाहिनीचं खालचं टोक दिसत नाही. शक्य असेल तर दर वेळी एकाच सेंटरला जा आणि आधीचा रिपोर्ट सोबत न्या. सोनोग्राफीत मिलिमीटरचा आकडा मोजणाऱ्यागणिक बदलतो आणि लहान खडे मुळात आहेत त्यापेक्षा मोठे दिसतात. सहाचा साडेसात झाला म्हणून रात्रभर जागायचं कारण नाही. मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातला खडा सोनोग्राफीला बरेचदा दिसतच नाही. म्हणून रिपोर्ट ‘नॉर्मल’ आणि दुखणं मात्र चालू असेल, तर फोनवर तसं स्पष्ट सांगा, डॉक्टर सीटी सांगतील.

फोडलेल्या खड्याचे तुकडे डॉक्टरांनी तपासणीला पाठवले होते का, हे पुढच्या फोनमध्ये विचारा. खडा कशाचा बनलाय यावर पुढचं पथ्य ठरतं, आणि हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. पाठवले नसतील तर घरी चहाच्या जुन्या गाळणीतून लघवी गाळा. वाळूसारखं काही सापडलं तर धुऊन, सुकवून, कोरड्या डबीत ठेवा. पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये घालू नका. बहुतेकांचा खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा निघतो, म्हणजे कॅल्शियम आणि काही भाज्या-दाण्यांतून येणारं ऑक्झलेट यांचा मिळून बनलेला. युरिक ॲसिडचा निघाला तर उपचारच बदलतो, कारण तो लघवीची आम्लता कमी करणाऱ्या सायट्रेटच्या औषधानं विरघळू शकतो आणि पट्टीनं लघवीचा पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकी आम्लता जास्त) घरीच मोजता येतो. हे औषध मात्र ‘मुतखड्याचं सिरप’ म्हणून आपल्या मनानं महिनोन्‌महिने घेऊ नका. पीएच ७ च्या वर राहिला तर कॅल्शियम फॉस्फेटचा वेगळाच खडा बसतो.

दीड-दोन महिन्यांनी डॉक्टर २४ तासांची लघवी तपासायला सांगतील तेव्हा ती नीट करा. घरी राहून होणारी इतकी उपयोगी तपासणी दुसरी नाही, आणि इतकी बिघडणारीही नाही. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहायची, समजा सहा. त्यानंतरची दिवसरात्रीची प्रत्येक लघवी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची पहिली लघवी कॅनमध्ये. चुकतं ते दोन ठिकाणी: दोन्ही सकाळच्या लघव्या धरल्या जातात, किंवा शौचाला बसल्यावरची लघवी निसटते. कॅनमध्ये लॅबनं आम्ल घातलेलं असू शकतं, म्हणून थेट त्यात करू नका, मगात करून ओता. तपासणी आहे म्हणून त्या दिवशी जास्त पाणी पिऊ नका, पथ्यही वेगळं करू नका. रविवार निवडू नका, बॉयलरवरचा दिवस निवडा, खरी स्थिती त्या दिवशीच कळते. कामावर कॅन न्यायची लाज वाटत असेल तर दोन लिटरची झाकणाची बाटली पिशवीत न्या.

पाण्याचा हिशेब पिण्यावर नको, लघवीवर ठेवा. दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला हवी. सावलीत बसून काम करणाऱ्याला तीन लिटर पाणी पुरेल, बॉयलरपाशी घाम गाळणाऱ्याला चार-साडेचारही लागेल. म्हणून ‘रोज किती पाणी’ याला एकच उत्तर नाही. आठवड्यातून एक दिवस लघवी मापानं मोजा आणि त्यावरून पाणी वाढवा. एक लिटरची बाटली कारखान्यात दोन-तीनदा रिकामी झाली पाहिजे, आणि रात्री झोपताना एक तांब्या, कारण पहाटेपर्यंत लघवी सर्वांत दाट होते. आता पावसाळ्यात तहान लागत नाही, बाहेर गारवा असतो, पण बॉयलरजवळचा घाम तसाच राहतो. या दिवसांत पाणी जास्त आठवणीनं प्यावं लागतं. कळ चालू असताना मात्र तांबेच्या तांबे रिचवून खडा ढकलायचा प्रयत्न करू नका, तुंबलेल्या जागी दाब वाढून दुखणं वाढतं. बोअरचं पाणी जड म्हणून खडा होतो, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. पाणी जड असण्यापेक्षा कमी पिण्याचा दोष मोठा आहे.

सासूबाईंना सांगा, दूध सुरू करा. दुधाच्या जिल्ह्यात राहून दूध बंद करायचं आणि वर खडा वाढवायचा, असा हा उलटा प्रकार आहे. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि शौचावाटे घेऊन जातं. कॅल्शियम बंद केलं की ऑक्झलेट मोकळं रक्तात जातं आणि लघवीत उतरतं. रोजचं दूध, दही, ताक जेवणासोबत घ्या. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. टोमॅटोवर उगाच बालंट आहे, त्यात ऑक्झलेट थोडंच असतं. खरी मोजदाद पालक, बीट, शेंगदाणे, बदाम, तीळ आणि काजूची. तुमच्या मालकांना काजूच्या कारखान्यात येता-जाता तोंडात टाकायची सवय असेल तर ती मोडा. रताळ्यांचंही तसंच आहे, चंदगडात ती भरपूर होतात म्हणून रोज नकोत. पूर्ण बंद करायची गरज नाही, पण खाल तेव्हा सोबत वाटीभर दही ठेवा.

ऑक्झलेटपेक्षाही मिठावर लक्ष द्या. जास्त मीठ खाल्लं की लघवीतून जास्त कॅल्शियम जातं. दिवसाला माणशी एक छोटा चमचा, म्हणजे पाच-सहा ग्रॅम, आणि त्यात भाजी, भाकरी, खर्डा, लोणचं, पापड, सुकट, मिसळीवरचं फरसाण सगळं आलं. मटणानं युरिक ॲसिड वाढतं आणि खडा होण्यापासून रोखणारं लघवीतलं सायट्रेट घटतं. पांढऱ्या रश्श्यात काजू, तीळ आणि खसखस असते, म्हणजे दोन्ही बाजूंनी भर. तांबडा-पांढरा सोडा असं सांगितलं तर कोल्हापूर जिल्ह्यात कुणी ऐकणार नाही, तेव्हा आठवड्यातून एकदा, फोडी मोजक्या आणि रश्श्याच्या वाट्यांवर वाट्या नकोत. दिवसातून दोन लिंबांचा रस साध्या पाण्यात, मीठ-साखर न घालता, फायद्याचा.

हुलग्याचं कढण पिऊ दे. चांगलं अन्न आहे आणि तेवढंच पाणी पोटात जातं, फक्त मीठ कमी घाला. पण त्यानं कॅल्शियमचा खडा विरघळत नाही, म्हणून कढण चालू आहे या भरवशावर सोनोग्राफी चुकवू नका. कोणी घटक न छापलेल्या पुड्या दिल्या तर त्या घेऊ नका. बिअरनं लघवी काही तास वाढते, नंतर अंग कोरडं पडतं आणि युरिक ॲसिड चढतं. त्या मित्राला लिंबूपाणी पाजा.

राहिला उजवा खडा. किडनीच्या खालच्या कप्प्यातला ६ मिलिमीटरचा खडा आपोआप वर चढून बाहेर पडायची शक्यता कमी असते. मूत्रवाहिनी सैल करणारी गोळी मूत्रवाहिनीतल्या खड्यासाठी असते, त्या कप्प्यातल्या खड्याला तिचा उपयोग नाही. दुखत नसेल, जंतुसंसर्ग नसेल, किडनीला सूज नसेल, तर तो नुसता बघत राहायचा. नळी निघाल्यानंतरच्या सोनोग्राफीत दोन्ही बाजू बघायला सांगा, उजव्याचा आकडा तिथेच मिळेल. पुढची सोनोग्राफी डिसेंबर-जानेवारीत, मग वर्षातून एकदा. रिपोर्ट फोनवर दाखवायचा. तोवर डॉक्टरांनी शेवटचं प्रत्यक्ष तपासल्याला सहा महिने होऊन गेले असतील, तर एक फेरी कोल्हापूरला टाकावी लागेल, ती सुगीनंतरच्या मोकळ्या दिवसांत धरा. खडा वाढला, उजव्या कुशीत कळ आली किंवा लघवीत पुन्हा पुन्हा जंतू सापडले, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा.